चुकलं की हसणारा गेम

शुद्धलेखन चुकेल, टाईप पण हळू होतं, सॉरी हं.

मी चेन्नईत एका युनिव्हर्सिटीच्या स्टुडिओत जाते. तिथे शाळा सुटलेल्या मुलांसाठी गणिताचे गेम बनवतात. माझी पण सातवीत सुटली, म्हणून आधी मला खेळायला देतात. खेळताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, हा तिथला नियम. मला तेच जमत नाही.

आज माशांचे सारखे वाटे करायचा गेम होता. चुकलं की मुलं खिदळल्याचा आवाज यायचा. सकाळपासून मी चुकतच होते. डोकं नुसतं भणभणलं.

स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "बोल गं, उद्या मुलं येणारेत खेळायला."

कसंबसं बोलले, "वर्गात असंच हसायचे. म्हणून मी जाणंच बंद केलं."

गेम बनवणारा कार्तिक अण्णा म्हणाला, "अय्यो, तो आवाज मी गंमत म्हणून टाकला मा!" मग स्वतःच हेडफोन लावून मुद्दाम चुकत बसला. थोड्या वेळाने गुपचूप तो आवाज काढून टाकला.

घरी आले तरी अंगात जीव नाही. दोन वाक्यं बोलून माणूस एवढा दमतो? तुमच्या कानात पण असं कुणाचं हसणं राहिलंय का?

अरे हो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना मुलगी झाली, आत्ताच कळलं!