पुंजाराम भिंगारदिव्यांचा निःपक्षपाती अहवाल

अहमदनगरच्या एका ट्रकमालक संघटनेला सत्त्याण्णव साली कॉम्प्युटरचं वेड लागलं. पुण्याच्या मालकांनी घेतला म्हणून नगरच्यांनी घेतला, याहून मोठं कारण काही नव्हतं. यंत्र आलं, त्याला झालरीचं गुलाबी कापड शिवून झालं, खोलीबाहेर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लागली, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आत घालायचा प्रोग्राम अजून ठरायचाच आहे. कुठली गाडी कुठं पोचली, बिल्टी म्हणजे मालाची पावती कुणाच्या नावावर फाटली, माल कुणी उतरवून घेतला, टायर कधी बदलले, हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम. तो विकायला तीन जण दारात उभे होते. एक मुंबईची कंपनी, एक पुण्याची, आणि तिसरे नगरात खोली घेऊन राहणारे मच्छिंद्र मास्तर.

मास्तरांची पूर्वी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले आणि मशिनं भंगारात गेली, तेव्हा ज्यानं आपलं पोट मारलं त्याच्याच पाठीवर बसायचं असं मास्तरांनी ठरवलं. पुण्यातल्या एका भाच्याकडून त्यांनी प्रोग्राम लिहून घेतला होता.

सभेत अर्थातच जुंपली. मुंबईवाल्यांचा एजंट एका मालकाचा साडू, पुणेवाल्यांचा दुसऱ्याच्या मेहुण्याचा भागीदार, आणि मास्तरांकडं तर निम्म्या मालकांची पोरं टायपिंग शिकलेली. जो तो आपल्या माणसाचा प्रोग्राम सोन्याचा असल्याचं शपथेवर सांगू लागला, आणि पडद्यावर तो चालताना बघितलेला एकही नव्हता. शेवटी अध्यक्ष भाऊसाहेब वैतागले. “असा मानूस काढा, ज्याचं ह्यात कुनीच न्हाई. त्यानं तिन्ही तपासायचे, तो म्हनंल ते घ्यायचं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काट्यावरचे पुंजाराम.”

आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. त्या संघटनेत इतक्या लवकर चहाच्या वेळेवरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं.

पुंजाराम भिंगारदिवे उभा जन्म संघटनेच्या वजनकाट्यावर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. भाऊसाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि कौतुकानं म्हणाले, “पुंजाराम, तुमचं कुनीच न्हाई, म्हनून तुमालाच निवडलंय बरं का!” पुंजारामही हसले. हे कौतुक आहे हे त्यांना कळत होतं. नगरच्याच कडेला नागापूरला घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य चपलेत खडा शिरावा तसं टोचत राहिलं. खोटं काय होतं त्यात? बायको लंकाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मालकांमध्ये सगळे एकमेकांचे सोयरे, ह्यांची सोयरीक त्यांच्यात कुठून असणार? काट्यावर चहा सगळ्यांनी पाजला, हसून-खेळून सगळे बोलले, पण त्यांतल्या एकानंही कधी पुंजारामांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. संध्याकाळी ते बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायचे, दोन भाकरी थापायचे, रेडिओ लावायचे आणि रेडिओला उत्तरं द्यायचे.

परीक्षक झाले आणि त्यांच्या दाराला एकदम माणसं फुटली. मुंबईवाला पेढे घेऊन आला. पुणेवाला शिर्डीला गाडीनं नेतो म्हणाला. पुंजारामांनी दोघांनाही उंबऱ्यावरूनच हात जोडले. काट्यावर एवढी वर्षं काढलेल्या माणसाला हे पाहुणे कशासाठी येतात ते काय कळत नव्हतं?

मच्छिंद्र मास्तर आले ते हात हलवत. ओट्यावर टेकले, म्हणाले, “नाना, वाईच पानी द्या.” तांब्या वर धरून घटाघटा प्यायले. घामानं भिजलेला सदरा, दिवसभर एमआयडीसीत कंपन्यांचे दरवाजे ठोठावून आलेले. प्रोग्रामचा शब्द काढला नाही. आभाळाकडं बघत बसले, थोड्या वेळानं उठून गेले. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला पुन्हा हजर. चौथ्या-पाचव्या दिवशी पुंजारामांनी भाकरीचं विचारलं, तर मास्तर ताटावर बसले आणि भरताला आणखी मिरची मागितली. घरी कुणी काही मागतंय, हे पुंजाराम विसरूनच गेले होते. त्या दिवसापासून ते पीठ जास्त मळू लागले.

बोलणं तरी काय असायचं? मास्तरांची बायको-मुलं सोनईला. इन्स्टिट्यूट बुडाल्यापासून घरात मास्तरांशी कुणी धड बोलत नसे, एवढं एकदा निघालं. पुंजारामांनी लंकाबाईंच्या दुखण्याचं सांगितलं. मग दोघंही गप्प बसले, आणि दुसऱ्याच्या सोबतीनं गप्प बसण्यात जे सुख असतं ते पुंजारामांना सहा वर्षांनी मिळालं. खरं सांगायचं तर ते दिवसभर सात वाजायची वाट बघत होते. परीक्षकानं असली वाट बघू नये, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस कार्यालयात भाऊसाहेब सहज बोलून गेले, “काय पुंजाराम, मास्तर रोज तुमच्याकडं जेवाया असत्यात म्हनं?” आजूबाजूचे दोघं-तिघं गालात हसले. पुंजारामांचे कान तापले. काट्यावर असताना त्यांची एक रीत होती. ओळखीच्या माणसाची गाडी आली, की ते स्वतः आकडा वाचत नसत, दुसऱ्याला हाक मारून वाचायला लावत. इथं हाक कुणाला मारायची?

त्या संध्याकाळी त्यांनी मास्तरांना दारातच गाठलं. “मास्तर, निकाल लागंस्तवर येऊ नका.”

मास्तरांनी ओट्यावर ठेवलेला पाय मागं घेतला. “बरं,” म्हणाले.

“निकाल झाला की या. नक्की या.”

“बरं नाना.” मास्तर वळले आणि रस्त्याला लागले. पुंजाराम आत आले. पीठ दोघांचं मळलेलं होतं.

तपासणी मात्र त्यांनी अशी केली की आजही कुणी बोट ठेवू नये. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कळा दाबायला कार्यालयातली सीमा होती. पण वजन कसं करायचं ते त्यांना कळत होतं. काट्यावर गाडी चढली की ड्रायव्हर-क्लीनर खाली उतरतात, नाहीतर मालाबरोबर माणसंही तोलली जातात. म्हणून पहिला नियम हा, की विकणारे खोलीबाहेर. विकणारा शेजारी बसला की तो सोपी वाट दाखवतो आणि अवघड जागी पडद्यासमोर हात नाचवतो. दुसरा नियम, तिघांना खेपा त्याच आणि त्याच क्रमानं. त्याही खऱ्या, मागच्या वर्षी झालेल्या. कांदा घेऊन बंगळूरला बिनबोभाट पोचलेली गाडी तर कुणीही लिहील. पुंजारामांनी काढल्या त्या वाटेत बिघडलेल्या, अर्धा माल सुप्याला उतरवून अर्धा पुढं नेलेल्या, ड्रायव्हर मधेच गाडी सोडून गावी पळालेल्या. तिसरा नियम सीमाला ऐकूनच धडकी भरली. लिहिता लिहिता मेन स्विच बंद करायचा. नगरात वीज काय विचारून जाते? ती परत आल्यावर प्रोग्रामला काय आठवतंय ते बघायचं.

फ्लॉप्यांवरची नावं सीमानं कागद चिकटवून झाकली होती. पण तिसरी फ्लॉपी घातली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांत पहिली ओळ उमटली ती ‘या, बसा’. सीमा हसली. असं घरच्यासारखं बोलणारा प्रोग्राम मास्तरांचाच, हे पुंजारामांनी ओळखलं. झाकलेलं नाव उघडं पडलं होतं, आणि आता आपला हात हलू द्यायचा नव्हता.

मुंबईवाल्यांचा प्रोग्राम वीज गेल्यावर सकाळपासूनचं सगळं विसरला. पुणेवाल्यांचा हळू होता, पण जे लिहिलं ते धरून होता. मास्तरांचा सगळ्यात सोपा, सीमाला हात लावल्या लावल्या जमला. मग बिघडलेल्या गाडीची खेप आली. शिरूरजवळ एका गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, हे मास्तरांच्या प्रोग्रामला काही केल्या समजेना. तो माल दोन्ही गाड्यांत दाखवू लागला. पुंजारामांनी सीमाला पुन्हा लिहायला लावलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की दुसरी संधी दिली ती एकालाच, आणि बाकी दोघांच्याही अवघड खेपा पुन्हा लिहून घेतल्या. फरक पडला नाही. माल दोन गाड्यांत तो दोन गाड्यांतच.

अहवाल त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. पुणेवाल्यांचा घ्यावा. सगळं लिहून झाल्यावर पेन हातातच राहिलं. ते रोजचं येणं, ती भाकरी, हे लपवलं तर हा अहवाल खरा कसा? निकाल मास्तरांच्या विरुद्ध होता, तरी लपवणं ते लपवणंच. म्हणून त्यांनी शेवटी आणखी लिहिलं: ‘विक्रेता क्रमांक तीन हे परीक्षकाच्या घरी वरचेवर येत व जेवत असत. परीक्षकाने त्यांस येण्यास मनाई केली.’ सही केली, आणि त्यांना हलकं वाटलं. आता निकाल लागेल आणि मास्तर येतील, असंच त्यांच्या मनात होतं. हरल्याचं दुःख असेल, चार दिवस रुसतील, पण येतील.

सभेला तिन्ही विक्रेते बोलावले होते. भाऊसाहेबांनी अहवाल मोठ्यानं वाचला. पुणेवाल्यांचं नाव आलं तेव्हा मच्छिंद्र मास्तरांनी नुसती मान हलवली. मग भाऊसाहेब शेवटच्या ओळींवर आले, आणि वाचता वाचता त्यांनाच हसू फुटलं. सभा खो खो हसली. “मास्तर, लोनी वाया गेलं की वो!” कुणीतरी ओरडलं. मास्तर समोरच्या टेबलाकडं बघत राहिले. पुंजारामांना उठून सांगायचं होतं, की तसं नव्हतं. पण तसं नव्हतं हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

सभा सुटल्यावर त्यांनी मास्तरांना जिन्यात गाठलं. “मास्तर, मला ते लिहावं लागलं.”

“लिवलं ते खरंच हाय, नाना,” मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर पुंजारामांना बरं वाटलं असतं. “माल दोन गाड्यांत दिसतो ते मला आधीच ठाव हुतं. भाच्याला जमंना. आपलं काम हुनार न्हाई हे कळूनच मी येत हुतो.” एवढं बोलून ते जिना उतरून गेले.

आठ दिवस पुंजारामांनी सात वाजता दार उघडं ठेवलं. डास शिरले, दुसरं कुणी आलं नाही. सभेनं त्यांना शाल-नारळ दिला होता, तो तसाच पेटीवर पडून होता. नवव्या दिवशी त्यांनी मास्तरांची खोली शोधून काढली. नागापुरातच होती, दोन गल्ल्या सोडून, आणि इतके दिवस ती कुठं आहे हेसुद्धा त्यांनी विचारलेलं नव्हतं. दाराला कुलूप होतं. घरमालकीण मालनबाई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या.

“मास्तर व्हय? गेले की सामान घिऊन. सोनईला का पुन्याला, काय बोलले न्हाईत.”

पुंजारामांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. मालनबाईंनी सुपातून मान वर केली.

“तुमी इथलंच का? मग एक काम करा बाबा. ह्या नागापुरात त्यांचं एक घर हुतं. नात्यातलं कुनी असंल, नाव न्हाई घेतलं कदी. रोज सांजच्याला तिकडं जेवाया जायाचे. मदी बंद झालं तवा इचारलं, तर म्हनले, घरात आजारपन हाय, बरं झालं की बोलावत्याल.” त्यांनी सूप पाखडलं. “त्यानला कुनी सांगितलं नसंल, हे गेले म्हनून. वाट बघत असत्याल बिचारे. तुमाला ठाव हाय का ते घर?”

“हाय,” पुंजाराम म्हणाले. “मी सांगतो त्यांना.”