जावयाच्या ड्राइव्हवेचा पर्दाफाश

शनिवार, सकाळचे साडेदहा. स्थळ इंग्लंडातलं बेसिंगस्टोक, मुलीच्या घरासमोरचा गाडी लावायचा ड्राइव्हवे. हवामान कोरडं, म्हणजे इथल्या मानाने संशयास्पद.

आयुष्यभर बातम्या अशाच सुरू केल्या, म्हणून हीही तशीच. फक्त ही मी कुठे छापू दिली नसती. तुम्ही घरचे म्हणून सांगतो. चहा घ्या आधी, निवेल.

पुण्यात एका दैनिकासाठी मी महापालिका बघायचो. रस्ते, गटारं, ठेकेदार. निवृत्त झालो आणि बायकोसह लेकीकडे राहायला आलो. आता जावयाच्या घरी नुसतं बसून खायचं? माझे वडील लेकीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसत. मी तर दोन्ही वेळा वाढून घेत होतो. काहीतरी काम करून ते अन्न पचवायला नको? पण निखिल, माझा जावई, कशाला हात लावू देईना. म्हणायचा, बाबा, आराम करा. अहो, आरामाने माणूस गंजतो.

त्या दिवशी तो आणि माझी लेक मृण्मयी ब्रिस्टलला मित्राकडे गेले होते. मी दारात उभा राहून ड्राइव्हवे बघत होतो. आपल्या फुटपाथला असतात तसलेच पेव्हर ब्लॉक, पण चकचकीत, नुकतं पाणी मारल्यासारखे. आणि त्या चकाकीखाली मधूनच दुधाळ पांढरे डाग.

शंकेची पाल चुकचुकली. मंत्री यायच्या आदल्या रात्री खड्ड्यांवर काळं फासून रस्ता नवा करतात, हे मी किती वेळा छापलंय! हे तेच होतं. कुठल्यातरी गोऱ्या ठेकेदाराने घाणीवर वार्निश फासून माझ्या भोळ्या जावयाला टोपी घातली होती.

शेडमध्ये पाण्याचा जोरदार फवारा मारणारा प्रेशर वॉशर होता. तो बाहेर काढला, तशी शैला, म्हणजे आमची ही, दारात आली.

"अहो, निखिलला विचारलंत का?"

"आधी पुरावा, मग प्रतिक्रिया. पत्रकारितेचा नियम आहे."

"म्हणूनच तुमचे खुलासे दुसऱ्या दिवशी छापावे लागायचे," असं म्हणून ती आत गेली.

मशीन सुरू केलं. काय जोर होता त्याला! आणि खरंच, ती चकाकी पापुद्र्यापापुद्र्याने उडायला लागली. खाली फिकट, कोरडा, प्रामाणिक ब्लॉक. मी पापुद्रे गोळा करून शैलाच्या मसाल्याच्या रिकाम्या डबीत ठेवले. पुरावा म्हणजे पुरावा.

तेवढ्यात शेजारच्या आजी कुत्र्याला घेऊन निघाल्या. थांबल्या, बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "दॅट्स व्हेरी ब्रेव्ह ऑफ यू."

आता मला सांगा, एवढी वर्षं ठेकेदारांच्या धमक्या खाल्ल्या, पुण्यात कोणी शूर म्हटलं का? इथे परक्या बाईने म्हटलं. मी छाती काढून नोझल आणखी जवळ नेलं. इंग्रज माणूस तुम्हाला शूर म्हणाला की हातातलं काम ताबडतोब थांबवायचं असतं, हे तेव्हा मला कोण सांगणार?

जवळ नेल्याबरोबर ब्लॉकांच्या फटींतली वाळू कारंज्यासारखी उडाली. चष्म्यावर आली, आजींच्या कुत्र्यावर गेली. कुत्रं शिंकलं. आजी सॉरी म्हणाल्या. वाळू मी उडवली आणि सॉरी त्या म्हणाल्या! म्हटलं, किती सुसंस्कृत समाज आहे.

दमून थांबलो तेव्हा चकचकीत ड्राइव्हवेच्या मधोमध एक मोठं फिकट ठिगळ उठलं होतं. कडेने सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे लोंबत होते. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. मथळा दिला: 'निकृष्ट कामाचा पर्दाफाश. ठेकेदार कोण?'

लगेच निखिलचा फोन. आवाज फार शांत.

"बाबा, मशीन बंद करा."

"घाबरू नकोस. त्या ठेकेदाराला मी सोडत नाही. नाव सांग फक्त."

"मीच."

"म्हणजे?"

"मी आणि मृण्मयीने केलंय ते. गुडघ्यावर बसून. फटींत वाळू भरली, वर सीलरचे, म्हणजे त्या चकचकीत लेपाचे, हात दिले. डाग पडले, कारण आम्हाला घाई झाली आणि खाली ओल राहिली. तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं बाबा. तुम्ही वा वा म्हणालात."

म्हणालो असेन. कॉलवर मी नेहमीच वा वा म्हणतो, आणि समोर पेपर उघडा असतो.

संध्याकाळी दोघं आले. मी दारातच उभा होतो. बॅग भरावी का, असा विचार दुपारभर चालला होता. निखिल उकिडवा बसला, एका कडेवरून बोट फिरवलं. मग मान खाली घालून त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. हसत होता हो. मृण्मयी तर गाडीला टेकून हसत होती.

आता सगळं खरवडून, पुन्हा वाळू भरून, पुन्हा सीलर मारायचा. त्याला सलग कोरडे दिवस लागतात. ते इथे कधी येतात ते बघू. तोवर त्या ठिगळावर खुर्च्या टाकून आम्ही सासरा-जावई रोज संध्याकाळी चहा घेतो, आणि पहिल्यांदाच मला आराम करा असं कोणी म्हणत नाही. सीलरचा ब्रश माझ्या नावे राखून ठेवलाय.

फक्त परवा नागपूरहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी बरोबर आमच्या खुर्च्यांखाली बघितलं.

"अरे निखिल, एवढं छान केलं होतंस. हे कोणी केलं?"

निखिल चहाच्या कपात बघायला लागला. मृण्मयी आत गेली. शैलाने पदर तोंडाला लावला. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा आयुष्यभर ज्या वाक्यावर मी मंत्र्यांना फाडून खाल्लं, तेच माझ्या तोंडून निघालं.

"चौकशी चालू आहे."

दाराच्या बेलवर कॅमेरा आहे आणि माझा सगळा पराक्रम त्यात आहे. घरातल्या प्रत्येकाने तो बघितलाय, काहींनी रिवाइंड करून. विहीणबाईंना मात्र अजून कोणीही उत्तर दिलेलं नाही.