आबांचे कान, माझा ड्रायव्हर

मी गाव सोडलं त्या दिवशी आबा ड्यूटीवर होते. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनावर ते कामाला, आणि बदलीचा माणूस तापाने पडलेला. त्यामुळे सगळी भावकी मला निरोप द्यायला दिघीच्या धक्क्यावर उभी होती आणि माझे वडील माझ्या पायाखाली, इंजिनाच्या खोलीत होते. आई आगरदांड्यापर्यंत बरोबर आली. पुढे विमानतळाला जाणारी गाडी तिथे उभी होती. बोट लागल्यावर आबा दोन मिनिटं वर आले, चिंधीला ऑइल पुसत. मी पाया पडले तर म्हणाले, "हात काळे हायत, डोक्यावर न्हाय ठेवत." मी म्हणाले, पोचल्यावर फोन करते. ते "व्हय, व्हय" म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजाने त्यांचे कान केव्हाच गेले होते, त्यांना ऐकू गेलेलं नव्हतं. ते नुसते माझे ओठ बघत होते. मग परतीच्या गाड्या बोटीत चढायला लागल्या आणि ते खाली गेले.

त्या दिवशी धक्क्यावर हात हलवत राहिलात त्या तुमच्यासाठी हे लिहिते आहे, आणि माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांच्यासाठीही. कोणी दुबईला, कोणी नुसतंच पनवेलला. फोनवर तुम्ही विचारता, तू तिथं नेमकं करतेस काय? आई गावात सांगते, "पोरगी ड्रायव्हर लिवते." त्यावर शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, कुठल्या गाडीवर?

गाडी नाही, यंत्र. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात आमची एक लहानशी कंपनी आहे. बहिऱ्या माणसांसाठी ती एक छोटा माइक बनवते. तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, म्हणजे समोरच्याचं बोलणं थेट कानातल्या मशिनीत पोचतं. त्या माइकमध्ये एक चिप, चिपवर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि माइक, बॅटरी, रेडिओ अशा एकेका भागाशी तिचं बोलणं घडवून आणणारा कोड. त्या कोडला ड्रायव्हर म्हणतात. मी तो लिहिते. आबांमुळे हे काम निवडलं का, असं मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. वडिलांच्या बहिरेपणावर नोकरी मिळाली असं व्हायला नको होतं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. काळा ब्रोट, म्हणजे तिथला घट्ट पाव, दातांना सवयीचा झाला. रविवारी दुकानं बंद असतात हे दोन रविवार उपाशी राहिल्यावर कळलं. तिसऱ्या वर्षी आमचे माइक काही म्हाताऱ्या माणसांकडे वापरून बघायला दिले होते, आणि तक्रारी आल्या. मधेच आवाज जातो, सहा सेकंदांनी परत येतो. एका आजोबांनी लिहिलं होतं की बायको वाक्य अर्धवट सोडून रुसली असं मला वाटलं, मी माफीसुद्धा मागितली.

संशय योर्गवर आला. योर्ग आमचा बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली पट्टी, बनवणारा माणूस, साठीचा, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. बॅटरीची पातळी बदलते त्याच सुमारास यंत्र बंद पडतं, म्हणजे बोर्डावर विजेचा झटका बसत असणार, असं सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये ठरलं. मीही मान हलवली. तीन आठवडे योर्ग भिंगाखाली डोकं घालून जोड उकलत आणि पुन्हा डाखत बसला. दुपारी कॅन्टीनला येणंही त्याने सोडलं. झटका काही सापडला नाही.

मला सापडलं ते एका सकाळी, आणि तेही दुसरंच काही शोधताना. यंत्र बंद पडताना शेवटी मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावर होतं त्याची नोंद मागे राहते. त्या पत्त्याचा शेवटचा आकडा एक होता. तो बघितला आणि मी माझाच जुना कोड उघडला.

का ते सांगते. मेमरी म्हणजे एकसारख्या खणांची लांबच लांब रांग, शून्यापासून क्रमांक घातलेली. चिप एका वेळी चार खण उचलते, आणि ते चौकडीच्या सुरुवातीपासून असले तर तिला सोपं जातं: शून्यापासून, चारपासून, आठपासून. पातळी बदलली की बॅटरीकडून येणाऱ्या माहितीला पुढे एका खणाचा शिक्का होता, त्यामुळे मागचं सगळं एकेक खण सरकलेलं. माझ्या कोडने ते तसंच, एकपासून, उचलायला सांगितलं होतं. माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर अशा वेळी निमूटपणे दोन खेपा करतो आणि कळूही देत नाही. छोटी चिपही आजवर चालवून घेत होती. पण तक्रारी सुरू झाल्या त्या महिन्यात आम्ही नवा कंपायलर घेतला होता. लिहिलेल्या कोडपासून मशीनला समजणाऱ्या सूचना बनवणारा प्रोग्राम तो. त्याने हुशारी करून शेजारच्या दोन उचली एकत्र केल्या, आणि अशा सरकलेल्या जागेवरून तेवढी मोठी उचल त्या चिपला चालत नाही. ती जागीच थांबायची. यंत्र नव्याने सुरू व्हायचं. कानात सहा सेकंद काही नाही.

तो ड्रायव्हर मी पहिल्या वर्षी लिहिला होता. बोर्डाचा काही दोष नव्हता.

दुरुस्ती चार ओळींची होती: एकेक खण उचलायचा, नीट जागेवर मांडायचा आणि मग वाचायचा. प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक ओळ लिहावी लागते, काय बदललं त्याची. 'किरकोळ साफसफाई' असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या पंधरवड्यात माझं काँट्रॅक्ट नवं व्हायचं होतं आणि त्यावरच तिथे राहायचा परवाना. मी ती ओळ लिहून खोडत जेवणाची सुट्टी घालवली. खिडकीतून योर्गच्या टेबलावरचा दिवा दिसत होता.

शेवटी लिहिलं: चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती, बोर्ड ठीक आहे. आणि ते कोणी वाचायच्या आधी योर्गच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं. त्याने हातातली गरम डाखणी बंद केली, स्टँडमध्ये ठेवली. "तीन आठवडे," एवढंच म्हणाला, कोट घेतला आणि घरी गेला. मी तिथेच उभी राहिले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तो पत्ता दाखव मला." मी दाखवला. मग आम्ही दोघांनी बाकीचे ड्रायव्हर ओळीने तपासले. तशाच आणखी दोन जागा निघाल्या, त्यातली एक त्याच्या डोळ्यांनी पकडली. माझं काँट्रॅक्ट झालं. बढती मात्र त्या वर्षी झाली नाही आणि त्याबद्दल मी विचारलंही नाही.

त्या आठवड्यात घरी फोन केला. फोन आईच घेते आणि आबांना मोठ्याने सांगते. मी त्या चुकीबद्दल सांगितल्यावर तिने त्यांना ओरडून सांगितलं, "तिचीच चूक व्हती म्हनते. दुसऱ्यावर आळ आलेला." मागून आबांचा आवाज आला, "सांगितलान काय मग तिनं?" आई म्हणाली, "सांगितलान." "मग झाला तर," आबा म्हणाले.

त्या डिसेंबरात मी घरी आले तेव्हा बॅगेत तोच माइक होता, दुरुस्त केलेला, आणि आबांसाठी कानातली मशीन. त्यांच्या ऐकण्याच्या मापाचा कागद अलिबागच्या डॉक्टरांकडून आधीच मागवला होता. आबा आता निवृत्त आहेत. त्यांनी मशीन हातात घेऊन उलटीसुलटी केली. "मला काय करायचाय? ऐकायचा तेवढा ऐकून झाला." पण घातली. माइक मी स्वयंपाकघरात, बिरड्यासाठी वाल सोलत बसलेल्या आईजवळ ठेवला आणि पडवीत त्यांच्याशेजारी येऊन बसले.

आई वाल सोलताना पुटपुटत असते. वाल नीट भिजले नाहीत, नळाला पाणी कमी, माणूस सकाळपासून पडवीत बसून आहे, एक काम धड करत नाही. आबा ऐकत राहिले. मग हाक मारून म्हणाले, "गो, केवढी बोलतेस तू!"

आतून आई म्हणाली, "मग? येवढी वर्षं काय गप व्हते काय मी?"

अर्ध्या तासाने त्यांनी मशीन काढून डबीत ठेवली. वाऱ्याचा आवाज फार येतो म्हणाले, आणि ते खरं होतं. ती दुरुस्ती अजून माझ्याकडून व्हायची आहे. संध्याकाळी मात्र कोणी न सांगता परत घातली.

ब्रेमेनमध्ये लोक विचारतात, घरी कधी जाणार? गावी विचारतात, परत कधी जाणार? दोन्ही प्रश्नांना मी तारीख सांगते. पूर्वी त्यातलं एक ठिकाण खरं आणि दुसरं तात्पुरतं वाटायचं. आता तसं राहिलं नाही, आणि तसं वाटत नाही याचं थोडं वाईटही वाटतं.

निघायच्या आदल्या सकाळी मी अंथरुणातच होते. पडवीत आई-आबा चहा घेत होते आणि बोलत होते, अगदी हळू. आमच्या घरात मी हळू बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी कपबशी मागायची तरी ओरडून. शब्द कळत नव्हते. माझं नाव येतंय का म्हणून मी जरा वेळ कान दिला. आलं नाही. ते त्यांचं त्यांचं काहीतरी बोलत होते. मधेच आई हसली. मी उठून बाहेर गेले असते तर दोघांनी माझ्याकडे वळून चहा विचारला असता आणि ते बोलणं तिथेच थांबलं असतं. म्हणून मी उठले नाही. पांघरूण ओढून तशीच पडून राहिले, माझ्यावाचून नीट चाललेल्या माझ्या घरात.