हिला गार बाधतं

आमच्या डब्लिनमध्ये मराठी मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम होता. हे डब्लिन ओहायोमधलं, कोलंबसला चिकटलेलं. जेवणं उरकल्यावर सगळे खुर्च्या आवरत होते म्हणून मीही एक घडीची खुर्ची उचलली, तर तीन बाजूंनी तीन हात आले आणि त्यांनी ती माझ्याकडून काढून घेतली.

"अगं, तू कशाला? तू बस."

मी बसले. कोणीतरी माझ्यापुढे पन्हं धरलं, तेवढ्यात मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू माझ्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला म्हणाल्या, "हिला बर्फाचं नको हं. हिला गार बाधतं."

मला गार बाधत नाही. दीड वर्षापूर्वी माझा डावा स्तन काढला. त्यानंतरच्या कीमोच्या दिवसांत, तोंडात फोड आलेले असताना, मी एकदा कोणाकडे तरी आइस्क्रीम नको म्हणाले होते. तेवढ्यावरून ही बातमी गावभर झाली आणि पुढे तोच माझा स्वभाव ठरला.

हे लोक वाईट नाहीत. वाईट असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी महिनोन्‌महिने आमच्या दाराशी डबे आणून ठेवले, मला हॉस्पिटलात नेलं, आणलं. पण उपचार संपले, केस परत आले, मी ऑफिसला जायला लागले, तरी त्यांच्यासाठी मी पेशंटच राहिले. माझ्याशी बोलताना आवाज खाली येई. माझ्याबद्दल मात्र माझ्यासमोर मोठ्याने बोलणं चाले, ती लवकर थकते, तिला ऊन नको, तिला बसू दे. आणि प्रत्येकजण मला शूर म्हणे. मी काय शौर्य केलं होतं? मला खुर्चीत बसवून नळी लावत होते आणि मी बसून राहत होते.

त्या रात्री घरी आल्याआल्या मी लॅपटॉप उघडला आणि तिकीट काढलं. नवऱ्याला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं.

"मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला आयर्लंडला जातेय."

"आपण? मला रजा टाकावी लागेल."

"आपण नाही. मी."

त्याने कप खाली ठेवला. आयर्लंडच का, हे त्याने विचारलं नाही, ते मी सांगते. आमच्या गावात सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाला, फायर हायड्रंटवरसुद्धा हिरवी पानं रंगवतात. वीस वर्षं मी ते बघत आलेय. आणि नकाशावर त्या देशाचा पश्चिम किनारा असा फाटलेल्या कापडासारखा दिसतो, की तो बघितल्यापासून तिथे जायचं माझ्या मनात होतं. यापेक्षा खोल कारण नाही.

नवरा म्हणाला, "तिकडे डावीकडून गाडी चालवायची असते."

"मी डावीकडूनच शिकले. सांगलीत स्कूटर, पुण्यात गाडी. उजवीकडून चालवायला इथे येऊन शिकावं लागलं."

"तुझा हात?"

डाव्या काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजतो. विमानात घट्ट बाही घालावी लागते. "डॉक्टरांना विचारलंय. जा म्हणाल्या."

"आणि तुला तिकडे काही झालं तर?"

"व्हायचं ते होऊन गेलंय," मी म्हणाले. "ते इथेच झालं. तू शेजारी झोपलेला असताना झालं."

हे बोलायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संध्याकाळी बॉस्टनहून मुलीचा फोन आला. तिला बापाने कामाला लावलेलं होतं. "मॉम, इज धिस लाइक अ बकेट लिस्ट थिंग?"

मी म्हणाले, "बकेट लिस्ट मरणाऱ्यांची असते. मला फक्त लाँग वीकेंड आहे."

ती म्हणाली, "ओके. टेक अ रेनकोट."

न्यूअर्कला विमान बदलून शुक्रवारी सकाळी शॅननला उतरले. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या माणसाने विचारलं, राहता कुठे? डब्लिन, म्हटलं. त्याने मान वर करून बघितलं आणि म्हणाला, मग तुम्ही चुकीच्या विमानात बसला होतात. बऱ्याच दिवसांत माझ्याशी कोणी असं आवाज न उतरवता बोललं नव्हतं.

गाडी घेतली. पहिल्याच गोल चौकात हात आपोआप योग्य बाजूला वळले. शरीराला किती जुन्या गोष्टी आठवतात याचं मला नवल वाटलं, कारण गेल्या दीड वर्षात त्याच शरीराचं मी काही खरं धरत नव्हते. रस्ते मात्र फार अरुंद होते. दोन्हीकडे दगडी गडगे, आणि समोरून ट्रॅक्टर आला की पोट आत ओढून घ्यावंसं वाटे. एका वळणावर डाव्या आरशाने झुडपाची चांगलीच फांदी तोडली. मी एकटीच मोठ्याने हसले.

क्लिफ्स ऑफ मोहर बघायला गेले तर समोर नुसतं धुकं. कडा नाही, समुद्र नाही, फक्त खालून लाटांचा आवाज. पार्किंगमधली बाई म्हणाली, उद्या या, उद्या उघडेल. उद्या मी दुसरीकडे असणार होते. कठड्यापाशी उभी राहिले, वाऱ्याने रेनकोट फडफडवला, चष्मा भिजला. मी करड्या धुक्याचा फोटो काढून घरी पाठवला. नवऱ्याचं उत्तर आलं, "हे काय आहे?" मी लिहिलं, "क्लिफ्स ऑफ मोहर."

गॉलवेला एका घरगुती लॉजमध्ये उतरले. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. एकट्याच का, म्हणून त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर मी पुढच्या प्रश्नांची वाट बघत उभी राहिले. नवरा कुठे, मुलं किती, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "ग्रँड," म्हणजे छान, आणि हातात किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी कॉनेमाराला गेले. तिथे डोंगर आहेत पण झाडं जवळजवळ नाहीत, आणि पाणी सगळीकडे. ऊन, पाऊस, परत ऊन, हे एका वळणाच्या आत होतं. रस्त्याच्या मधोमध मेंढ्या बसलेल्या, हॉर्नला अजिबात न जुमानणाऱ्या. एका टेकडीवर फळ्यांची पायवाट होती. तिच्यावरून निम्म्यापर्यंत चढले आणि दमले. खरोखर दमले, मांड्या थरथरायला लागल्या, हात जड झाला. वर जाणारे लोक बाजूने जात होते. काकूंचं म्हणणं खरं होतं, मी लवकर थकते. पण थकल्यावर काय करायचं ते तिथे मला कोणी सांगत नव्हतं. मी दगडावर बसून चीजचं सँडविच खाल्लं, खालच्या खाडीकडे बघितलं आणि उतरले. शिखर राहिलं. मग एका तळ्याकाठी गाडी लावली, सीट मागे केली आणि भर दुपारी झोपून गेले.

जाग आली तेव्हा खिडकीशी एक मेंढी उभी होती आणि फोनला रेंज नव्हती. गाव लागेपर्यंत रेंज आली नाही. आली तेव्हा नवऱ्याचे इतके मिस्ड कॉल होते की स्क्रीन खाली सरकवावी लागली. मी पेट्रोल पंपावर थांबून फोन केला.

"मी पोलिसांना फोन करणार होतो!" तो ओरडला.

"कुठल्या? इथल्या की तिथल्या?"

"ही चेष्टा आहे का? तुझं लोकेशन तीन तास हलत नव्हतं. एका तळ्यात होतं."

"तळ्याच्या काठावर होतं. झोपले होते मी."

त्याचा आवाज बदलला. "तुला कल्पना नाही मला काय वाटतं ते. तुझा फोन लागला नाही की मी परत त्या वेटिंग रूममध्ये जातो."

मला कल्पना होती. उपचार चालू असताना तो काळजीने वाळत होता आणि त्याला धीर देण्याचं काम मीच करत होते. प्रत्येक रिपोर्ट आधी त्याला कसा सांगायचा याचा विचार करत होते.

"ऐक," मी म्हणाले. "तुझी भीती मला कळते. पण ती मी आता सांभाळणार नाही. दीड वर्षं माझी पण सांभाळली आणि तुझी पण. आता तुझी तू सांभाळ. मी सोमवारी येतेय. आणि लोकेशन बंद करतेय."

"अगं..."

"सोमवारी," म्हटलं आणि फोन ठेवला. पेट्रोल पंपावरच्या मुलीने विचारलं, कॉफी हवी का? म्हटलं, हवी.

रविवारी सकाळी गॉलवेच्या सॉल्टहिल भागात समुद्राकाठी फिरायला गेले. तिथे पाण्यात एक पिवळा डायव्हिंग टॉवर आहे आणि त्याच्या पायऱ्यांवरून लोक उतरत होते. बहुतेक बायका, माझ्या वयाच्या आणि माझ्याहून बऱ्याच मोठ्या. भिंतीच्या आडोशाला उभ्या राहून टॉवेलखाली कपडे बदलत, एकमेकींशी मोठमोठ्याने बोलत होत्या. मी कठड्यावर बसून बघत राहिले.

मला पोहता येतं. आजोळी विहिरीत शिकले, पाठीला डबा बांधून. लग्नानंतर ते सुटलं. मुलीला क्लासला नेलं की मी बाहेर बाकावर तिचा टॉवेल धरून बसायचे.

मी उठले, जवळच्या दुकानातून एक काळा स्विमसूट आणि टॉवेल विकत घेतला आणि परत आले. विचार करत बसले असते तर घेतला नसता.

भिंतीच्या आडोशाला कपडे काढायला लागले तेव्हा खरी पंचाईत झाली. माझ्या ब्रामध्ये सिलिकॉनचा गोळा असतो, डाव्या बाजूचा. तो स्विमसूटमध्ये राहणार नव्हता. काढला, पिशवीत टाकला आणि तेवढ्यात वाऱ्याने अंगावरचा टॉवेल सरळ खाली पाडला. शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई टोपी घालत होती. तिने बघितलं. व्रण पूर्ण दिसत होता, काखेपर्यंत.

तिची नजर तशीच वर माझ्या चेहऱ्याकडे आली. "पहिल्यांदाच?" तिने विचारलं.

ती पाण्याबद्दल विचारत होती हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. हो म्हटलं.

"मग पायऱ्यांवर थांबू नका. थांबलात की परत फिराल."

मी थांबले नाही. पाणी इतकं गार होतं की छातीतून श्वासच बाहेर पडून गेला. व्रणाच्या जागेला बधिरपणा आहे, तिथे काही लागलं नाही, पण त्याच्या कडेने सगळीकडे सुया टोचल्यासारखं झालं. तोंडातून आवाज निघाला, मराठी शिवी होती, सांगलीकडची. दोन बायका वळून हसल्या. मग मी हातपाय मारले. डावा हात पूर्ण वर जात नव्हता, म्हणून थोडी तिरकी पोहत होते, पण पोहत होते. बुडत नव्हते. माझ्या आणि अमेरिकेच्या मध्ये फक्त पाणी होतं आणि कोणालाही माझ्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. मी पाण्यात मोठ्याने म्हणाले, "मला गार बाधत नाही!" कोणाला कळलं नाही ते बरंच झालं.

बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. पांढऱ्या केसांच्या बाईने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. "ती जागा नीट कोरडी करा," ती म्हणाली, "गारठ्यात दुखते पुढे तासभर." आणि मग त्या सगळ्या गावात पार्किंग किती महाग झालंय यावर बोलायला लागल्या.

सिलिकॉनचा गोळा पिशवीतच राहिला. दुसऱ्या दिवशी विमानातही.

कोलंबसला नवरा घ्यायला आला होता. त्याची नजर स्वेटरच्या सपाट बाजूवर गेली, मग त्याने बॅग उचलून गाडीत टाकली. पुढचा आठवडाभर आमच्याकडे मीठ दे, दार लाव एवढंच संभाषण होतं. मी माफी मागितली नाही. त्यानेही नाही. एका संध्याकाळी मी भेंडी चिरत असताना तो ओट्याशी येऊन उभा राहिला.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "रेंज नसणाऱ्या भागात जाणार असशील तर आधी मेसेज कर. एवढंच."

"करेन," मी म्हणाले आणि भेंडी चिरत राहिले. तो 'पुढच्या वेळी' असं म्हणाला होता.

आता मी मंगळवारी ऑफिसनंतर गावच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये पोहायला जाते, तोच काळा स्विमसूट घालून, डावी बाजू आहे तशी ठेवून. परवा तिथे मंडळातली एक मैत्रीण भेटली. मला बघून तिने आधी नजर वळवली, मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अगं, आत घालायला मिळतं ना काहीतरी? लोक बघतात."

"बघू देत," मी म्हणाले. "तू येतेस का पाण्यात?"

ती म्हणाली, तिला पोहता येत नाही. काठावर बसून तिने पाय आत सोडले आणि माझ्या चार फेऱ्या होईपर्यंत तिथेच बसून राहिली.