डाव्या गार्डची मोकळी जागा

टोलीडोच्या मैदानाला दक्षिणेच्या दरवाजाशी एक विटांची भिंत आहे. अमेरिकन फुटबॉलच्या ग्लासमेन संघातून जे नाव काढून गेले त्यांच्या पितळी पाट्या तिच्यावर लावतात. चेंडूच्या रेषेवर पुढे उभ्या राहणाऱ्या आमच्या पाचजणांच्या फळीच्या चार पाट्या, आम्ही खेळताना उभे राहायचो त्याच क्रमाने होत्या. डावीकडे बक्स्टर, मग एका पाटीएवढी मोकळी जागा, मग मी, मग उजवीकडचे दोघे. ती मोकळी जागा एमिल दुदाशची. ती चुकून राहिली नव्हती. डॅरेल प्रूइटने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, माप घेऊन ती सोडायला लावली होती. दर रविवारी आत शिरणाऱ्या हजारो लोकांना ती दिसावी, हा त्यामागचा हेतू.

एमिल नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीतला. बाप ओतकामाच्या कारखान्यात. एमिल अकरा हंगाम आमचा डावा गार्ड होता आणि मी त्याच्या शेजारी, मधोमध, चेंडू मागे देणारा सेंटर. गार्डचं काम सांगायला सोपं. समोरचा माणूस बाजूला काढायचा, म्हणजे मागून चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट मिळते. चेंडूला स्वतः हात लावायचा नाही. लाउडस्पीकरवर गार्डचं नाव येतं ते फक्त दंड झाल्यावर. एमिलचं नाव तर तेवढंही यायचं नाही. समोरच्याने जमिनीवर टेकलेल्या बोटांची पेरं बघून तो सांगायचा, ‘हा आता अंगावर येणार,’ ‘हा मागे सरकणार.’ पेरं पांढरी पडली असली तर सगळा भार पुढे असतो. हे मला त्याने शिकवलं, आणि माझी पाटी त्याच शिकवणीवर लागली, हे आधीच सांगून टाकतो.

प्रूइट टेक्सासहून आला. चेंडू घेऊन पळायचा झकास, त्यात वाद नाही. सत्त्याहत्तर साली त्याने तेराशे यार्ड पळून संघाचा विक्रम मोडला. असा विक्रम झाला की पळणारा आपल्या फळीच्या पाचजणांना जेवायला नेतो. कोणी घड्याळं देतो, कोणी नुसतं मटण आणि बिअर, पण देतो. आपल्या गुडघ्यांचा विमा कोणाच्या हातात आहे हे त्याला ठाऊक असतं. प्रूइटने टीव्हीवाल्यांना जेवायला नेलं. वर त्यांच्या कॅमेऱ्यासमोर हसत म्हणाला, “ते पाचजण? अहो, दुधाचे पाच रिकामे कॅन मांडून ठेवा, मी त्यांच्या मागूनही एवढाच पळेन.”

दुसऱ्या दिवशी घोट्यांना पट्ट्या बांधून घेताना आम्ही पाचजण एका बाकावर होतो. मी म्हणालो, “दार उघडायचं का?”

कुठल्याही संघाच्या फळीतल्या माणसाला याचा अर्थ विचारा. पळणाऱ्याच्या डोक्यात हवा गेली की एका डावापुरतं समोरच्याला आत सोडायचं, आणि तो आत गेल्यावर ‘सांभाळ रे!’ म्हणून ओरडायचं. ओरडायचं मात्र उशिरा. पळणारा सणकून आपटतो, चार दिवस अंग दुखतं, पुढच्या आठवड्यात फळीसाठी बिअर येते. सगळीकडे चालतं. बक्स्टरने मान हलवली, उजवीकडच्या दोघांनी हलवली. एमिलने सगळ्यात शेवटी हलवली. कोणी सोडायचं ते ठरवलं नाही. ज्याच्या बाजूने डाव येईल त्याने.

डाव आला डावीकडून. मी चेंडू दिला, एमिल अर्धं पाऊल बाजूला झाला आणि त्याच्या समोरचा तीनशे पौंडांचा गडी मोकळा आत गेला. प्रूइटचा पाय नेमका गवतात रुतला होता. गुडघ्याचा आवाज मला हेल्मेटमधूनही ऐकू आला. प्रूइट नंतर दोन हंगाम लंगडत खेळला आणि संपला.

सोमवारी कोचने अंधाऱ्या खोलीत त्या डावाची फिल्म अकरा वेळा मागे-पुढे केली. “एमिल, काय झालं?”

“पाय घसरला, कोच.”

मैदान कोरडं ठणठणीत होतं. एमिलने आमच्यापैकी कोणाकडेही बघितलं नाही. आम्ही चौघे आपापल्या बुटांकडे बघत होतो. वसंतात एमिलला संघाने काढलं.

मग तो काचेच्या कारखान्यात लागला. तिथे तो कॉफीचा कप घेऊन चालला की कोणीतरी हटकून ओरडायचं, “दुदाश, जपून, फरशी ओली आहे!” आणि पाळीवरचे सगळे हसायचे. सव्वीस वर्षं हेच. विक्रमवीराचा पाय मोडणारा घसरलेला गार्ड. त्याने कधी कोणाची कॉलर धरली नाही. मी असतो तर दात पाडले असते.

प्रूइट शहरात गाड्यांचा मोठा विक्रेता झाला आणि पाट्यांच्या समितीचा अध्यक्षही. त्याने एकेक करून आमच्या चौघांच्या पाट्या लावल्या. माझी लावली तेव्हा मला मिठी मारली. एमिलचं नाव दर वर्षी यायचं आणि दर वर्षी प्रूइट ते खोडायचा; पाय घसरला यावर त्याचा कधीच विश्वास बसला नव्हता. एमिल हंगामाच्या पहिल्या सामन्याला बायकोला, इलोनाला घेऊन यायचा आणि त्या मोकळ्या जागेखाली मान वर करून उभा राहायचा. मी म्हणायचो, “चल ना बाबा, काय बघतोस?” तो म्हणायचा, “माझी जागा बघतोय, स्टॅन. दुसऱ्या कोणाला दिली तर नाही ना.”

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला. “प्रूइट म्हणतो, जुन्या खेळाडूंच्या जेवणात सगळ्यांसमोर खरं सांग. मग पाटी लावतो.”

“पाटी कसली लावतो! तुझ्या तोंडून वदवून घेईल आणि भिंतीवरून कायमचा पुसेल. जाऊ नकोस.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“मी त्या डावात घसरलो नव्हतो, स्टॅन. अकरा वर्षांत कधीच घसरलो नाही. हे कोणाला तरी कळायला हवं.” मग म्हणाला, “तुमची नावं घेणार नाही. काळजी करू नकोस.”

मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते हायसंच.

जेवण मैदानाखालच्या दालनात, रविवारी दुपारी, सामन्याआधी. दोनशे माणसं, कोंबडी, बटाटे, गोडाला ॲपल पाय. बक्स्टर मेला होता, त्याची बायको नॉर्मा माझ्याच टेबलावर होती. प्रूइट काठी टेकत माईकपाशी गेला आणि त्याने एमिलला उभं केलं.

“एमिल, आज सरळ सांग. त्या दिवशी तुझा पाय घसरला होता?”

“नाही. मी बाजूला झालो.”

कारखान्यातले दोघे-तिघे मागच्या टेबलावर होते, त्यांच्याकडे एमिलने एकवार बघून घेतलं.

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

“कोणाच्या नाही. माझं मला वाटलं.” मग तो प्रूइटकडे वळला. “गुडघ्याचं मला वाईट वाटतं, डॅरेल. रोज वाटतं. बाजूला झालो त्याचं वाटत नाही. तेराशे यार्ड पळालास ना त्या वर्षी? मी बाजूला झालो त्या डावात किती पळालास? एक पाऊल. तेवढं तुझं. बाकीचं आम्ही दिलेलं.”

प्रूइटचे ओठ पांढरे पडले. तो समितीच्या टेबलाकडे वळून म्हणाला, “ऐकलंत? मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही या माणसाचं नाव भिंतीवर येता कामा नये.”

एमिल शांतपणे खाली बसला. त्याला हवं होतं ते त्याला मिळालं होतं. मागच्या टेबलावरचा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “म्हणजे घसरला नव्हता तर,” आणि ते एमिलने ऐकलं, हे मी त्याच्या खांद्यांवरून ओळखलं.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण प्रूइट माझ्याकडे बघून हसला आणि माईकवर म्हणाला, “फळीत इमानदार माणसंही होती. स्टॅन, तू याच्या शेजारी होतास. तुला कल्पना असती तर तू असं होऊ दिलं असतंस का?”

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी उठलो.

“कल्पना? कल्पना माझीच होती, डॅरेल. बाकावर बसून मीच काढली. पाचही जणांनी माना हलवल्या. डाव माझ्या बाजूने आला असता तर मी समोरच्याला सोडलं असतं, आणि एमिलपेक्षा दार जास्त रुंद उघडलं असतं. सव्वीस वर्षं तू एकट्या एमिलवर सूड उगवलास, आणि बाकी चौघांना स्वतःच्या हाताने भिंतीवर चढवलंस. मला तर मिठी मारलीस, गाढवा!”

प्रूइटची काठी हातातून सुटली. तो आधी एमिलकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग पुन्हा एमिलकडे. सव्वीस वर्षांचा राग, आणि ठेवायला जागा नाही. मी खाली बसून उरलेला ॲपल पाय खाल्ला. खरं सांगतो, इतकं गोड मी आयुष्यात काही खाल्लं नाही.

बाहेर गाड्यांपाशी एमिल माझी वाट बघत होता. मला वाटलं, आता हात मिळवेल.

“कोणी विचारलं होतं तुला?” तो म्हणाला.

“त्याने! माईकवर!”

“त्याला नाही म्हणायचं होतंस. बक्स्टर मेलाय. नॉर्माकडे त्याचं दुसरं काय आहे? रविवारी येऊन ती त्या पाटीला हात लावते.” त्याचा आवाज चढला नाही. अकरा वर्षांत मैदानावरही कधी चढला नव्हता. “कोचसमोर मी एकट्यावर घेतलं, का घेतलं? आज पुन्हा घेतलं. तुम्हा चौघांना आत ठेवून मी बाहेर उभा होतो, स्टॅन. ते माझं काम होतं. तू माझं काम उधळलंस, आणि कशासाठी? त्याचं तोंड बघायला?”

“तुझ्यासाठी!”

“नाही,” एमिल म्हणाला आणि गाडीत बसला.

बुधवारी समितीने आमच्या चारही पाट्या उतरवल्या. आता फळीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नुसती वीट आहे. नॉर्माने बक्स्टरची पाटी मागितली तर ती वितळवायला गेली म्हणाले. तिने मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, “तुला गप्प बसता आलं नसतं?” प्रूइटने अध्यक्षपद सोडलं. तो आता मैदानावर येत नाही. त्याचा चेहरा आठवला की अजूनही मला बरं वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

एमिलला मी दर आठवड्याला फोन करतो. इलोना उचलते. “तो घरी नाही, स्टॅन,” म्हणते. मागे त्याच्या खुर्चीचा आवाज येत असतो. मीही म्हणतो, “बरं, आला की सांग,” आणि ती म्हणते, “सांगते.”