नानांचं आसन आणि यावची उमेदवारी

विमान ऑकलंडवर खाली येऊ लागलं तेव्हा खिडकीतून आधी पाणी दिसलं, मग हिरवी जमीन, मग पुन्हा पाणी. रोहन, सई, नकाशात पाहा, दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत हे शहर वसलं आहे. विमानतळावर बुटाच्या तळव्यांना माती लागली आहे का, हेही तपासतात. तुमच्या या आजीने खाण्याच्या वस्तूंची यादी नीट लिहून नेली होती. अधिकारी बाईंनी ती दोनदा वाचली, मेथीदाण्यांची पुडी ठेवून घेतली आणि "किया ओरा" (हा इथला माओरी नमस्कार) म्हणून मला सोडलं.

तुमची मृणालआत्या ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरात राहते आणि पापाकुऱ्यातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. टाकानिनीतली घरं नवी आणि सगळी एका साच्यातली. करडी भिंत, काळं गॅरेज, दारात एक बारकं झाड. तिसऱ्या दिवशी मी डेअरीतून (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून) दूध घेऊन परतले आणि सरळ दुसऱ्याच घराच्या फाटकातून आत गेले. लाकडी ओट्यावर माझ्याच वयाच्या एक बाई उन्हात बसल्या होत्या. मोठ्या नक्षीचं निळं कापड अंगाभोवती गुंडाळलेलं, केस अगदी बारीक कापलेले. इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचं घर पलीकडचं. पण आलाच आहात तर बसा."

मी बसले. त्या घाना देशातून आल्या होत्या. हे घर त्यांच्या भाच्याचं, बहिणीच्या मुलाचं, याव त्याचं नाव. तो इस्पितळात नर्स आहे. बाईंना सगळे नाना म्हणत. तिथे हा मानाचा शब्द आहे, राजालाही लावतात आणि आजीलाही. आपल्याकडच्या नानांना मिशा असतात, असं मी सांगितलं तेव्हा त्या हसल्या.

पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी त्यांच्याकडे जात होते. त्यांच्याकडून जे कळलं ते तुमच्या नागरिकशास्त्रात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. घानात राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पुन्हा मतदान. मुदत चार वर्षं, आणि दोन वेळांहून अधिक त्या खुर्चीत बसता येत नाही. आपल्यासारखी दोन सभागृहं नाहीत, संसद एकच, तिचीही मुदत चार वर्षं. याशिवाय गावोगावी परंपरेने आलेले राजे आहेत. त्यांचं सिंहासन म्हणजे लाकडी बैठं आसन. त्यांना राज्यघटनेने मान दिला आहे, पण पक्षाचं राजकारण बंद. निवडणूक लढवायची असेल तर आधी आसन सोडायचं.

नानांच्या लोकांत वारसा आईकडून चालतो. राजाच्या मागे त्याचा मुलगा नाही, बहिणीचा मुलगा बसतो. कोणाला बसवायचं ते नाव राजमाता (ती राजाची आईच असते असं नाही, बहीणही असते) सुचवते आणि गावातले मानकरी त्यावर विचार करतात. त्या गावच्या राजमाता म्हणजे या नानाच. त्यांचा भाऊ राजा होता, तो वारला. आसन रिकामं होतं आणि त्या यावला न्यायला आल्या होत्या. "तीन आठवडे झाले विचारून," त्या म्हणाल्या. "तो मला रोज सूप करून घालतो आणि उत्तर देत नाही."

ते सूप मीही प्यायले. शेंगदाण्याच्या कुटाचं, आपल्या दाण्याच्या आमटीच्या जवळचं, फक्त त्यात गूळ नाही आणि मिरची भरपूर. मला याव मांसाशिवायचं वेगळं ठेवत असे. याव चाळिशीचा, बोलघेवडा माणूस. काही विचारलं की "स्वीट ॲज, आन्टी" म्हणणार. (काही हरकत नाही, असा त्याचा अर्थ.) एकदा मला स्टेशनवर सोडताना त्याने गाडीत स्वतःची गोष्ट सांगितली. बारा वर्षं इथे राहूनही त्याने न्यूझीलंडचं नागरिकत्व घेतलं नव्हतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्याला घानाच्या संसदेत बसता येत नाही, आणि त्याला तिथेच बसायचं होतं. गावाकडच्या मतदारसंघातून पक्षाची उमेदवारी मागायचं त्याने ठरवलं होतं. पक्षातल्या मित्रांना आसनाची गोष्ट माहीत नव्हती आणि नानांना उमेदवारीची. दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली मी एकटी.

एका शनिवारी दुपारी माउंट रॉस्किलच्या एका हॉलमध्ये घानाच्या मंडळींचं स्नेहभोजन होतं. मृणालने मला तिथे सोडलं. दारात बुटांऐवजी जांडल्सचा (रबरी चपलांचा) ढीग, आत भात, तळलेली पिकली केळी, मासे आणि पळापळ करणारी पोरं. नाना मधोमध उंच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी हातात काठी घेऊन उभा होता तो ओक्यामे (राजाच्या वतीने बोलणारा). एरवी तो बस चालवतो. अशा बैठकीत राजमातेशी थेट बोलायचं नसतं. आपण त्याला सांगायचं, तो त्यांना सांगतो, मग त्या त्याला सांगतात. त्या तीन हात अंतरावर असल्या तरीही.

जेवणानंतर याव उठला. लोकांच्या आग्रहावरून, असं म्हणत त्याने उमेदवारीचा विचार जाहीर केला. टाळ्या पडल्या. नाना हलल्या नाहीत. ओक्यामेने विचारलं, पाहुण्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का.

मी तीस वर्षं वर्गात सांगत आले, शंका असेल तर लगेच विचारा. मी उभी राहिले आणि थेट नानांनाच विचारलं, "निवडणुकीला उभा राहिलेला माणूस तुमच्या आसनावर बसू शकतो का?"

हे मी भोळेपणाने विचारलं असं लिहिलं, तर ते पूर्ण खरं होणार नाही.

ओक्यामेने जमिनीवर काठी टेकवली. "मावशी, तुम्ही माझी नोकरी घालवणार," तो मला हळूच म्हणाला आणि तोच प्रश्न रीतीप्रमाणे नानांना पुन्हा सांगितला. नाना त्याच्याशी बोलल्या. तो म्हणाला, "नाना म्हणतात, नाही. आणि त्या म्हणतात, त्यांनी ज्याला आसनासाठी विचारलं आहे, तो इथेच उभा आहे. त्याने आता उत्तर द्यावं."

यावने एकदा माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, पण पाहिलं. मग तो नानांसमोर गेला. घरी तो त्यांच्या मांडीशी बसून हवं ते बोलत असे. इथे त्याने पायातल्या चपला काढल्या आणि ओक्यामेकडे तोंड केलं.

"नानांना सांगा, मला लोकांनी निवडून द्यायला हवं आहे. आणि नको असेन तर चार वर्षांनी त्यांना मला काढता यायला हवं. आसनावर बसलो तर हे दोन्ही होणार नाही."

ओक्यामेने त्यातला शब्द न् शब्द पोचवला. मग त्याच्यामार्फतच उत्तर आलं, "नानांनी ऐकलं. त्या दुसरं नाव सुचवतील."

परतताना गाडीत मी नानांची माफी मागितली. त्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "याने घरात सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. चारचौघांत सांगितलेलं न ऐकून कसं चालेल?" याव गाडी चालवत होता. डोळे मात्र त्याने दोनदा पुसले.

नाना माझ्या आधी गेल्या. मी पुण्याला परतले त्याला आता चार महिने झाले. परवा मृणालचा फोन आला. दुसऱ्या भाच्याने आसन स्वीकारलं. याव पक्षाच्या आतल्या निवडणुकीत थोडक्यात हरला. हरण्याआधी त्याने नानांना फोन करून विनवलं होतं, गावात माझ्यासाठी एक शब्द टाका, तेवढ्याने काम होईल. राजमाताही पक्षाचं काम करू शकत नाही, हे त्याला माहीत होतं, तरी विचारलं.

नाना त्याला म्हणाल्या, "ज्या नियमाने तू सुटलास, त्याच नियमाने मी बांधलेली आहे."

मी वर्गात किती तरी राज्यघटना शिकवल्या. कलमं पाठ करून घेतली, उत्तरपत्रिका तपासल्या. पण नियम पाळताना जवळच्या माणसाला नाही म्हणावं लागतं, हे मी मुलांना एकदाही सांगितलं नाही. यावने पुन्हा उभं राहायचं ठरवलं आहे. न्यूझीलंडचं नागरिकत्व त्याने अजून घेतलेलं नाही.