बाथटब, शॉवर आणि सासूबाईंची आंघोळ

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या नव्या घराला अजून प्लास्टरही झालं नव्हतं, आणि एका सकाळी दारात बैलगाडीतून चक्क बाथटब उतरला. बिडाचा, आतून पांढरा, खाली सिंहाच्या पंजासारखे चार पाय. सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून माझ्या मोठ्या दिरांनी तो उचलला होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. परवा भाचीने विचारलं, "मावशी, नव्या फ्लॅटमध्ये टब घेऊ की शॉवर?" आणि सगळं आठवलं...

घराचा पाया भरून झाला आणि हे गेले. चार महिन्यांत सासूबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी चालण्यापुरतं बरं केलं, पण हात काही परत आला नाही. वाचा मात्र शाबूत होती... उलट जास्त धारदार झाली होती.

त्यांना आंघोळ मी घालायची. लुगडं नेसूनच घ्यायच्या आणि पूर्ण वेळ डोळे मिटून बसायच्या. जन्मभर दुसऱ्यांना न्हाऊ घातलेली बाई ती, तिला हे सोसत नव्हतं. मग त्या दिवसाआड आंघोळ करू लागल्या, पुढे आठवड्यातून दोनदा. आंघोळ नाही म्हणून देवघरात पाऊल नाही. देवाला नमस्कार नाही म्हणून घासही नीट उतरत नव्हता. माणूस डोळ्यांदेखत विझत चाललं होतं.

मी शाळा चौथीपर्यंतच शिकलेली, पण वाचनालयातलं काही सोडत नसे. एका जुन्या मासिकात आजारी माणसाच्या न्हाणीघराबद्दल वाचलं होतं. तेव्हापासून मनात एकच होतं, बसायला ओटा, डोक्यावर शॉवर, आणि नळ डाव्या हाताला.

भाऊजींचं म्हणणं, आईने कोमट पाण्यात बसावं, अंग मोकळं होईल. त्यात थोडी हौस होती, मोहल्ल्यात कोणाकडे टब नव्हता ना. पण आईवरची माया खरी होती, हे मला नाकारता येणार नाही.

आता अडचण अशी, की आमच्या घरात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी थेट बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा आणि सासूबाईंच्या मार्फत बोलायचं. त्यामुळे त्या अर्धवट घरात आमचं भांडण असं झालं...

"आई, भाऊजीले सांगा, यात उतराले पाय गुडघ्याच्या वर उचलावा लागते."

"आई, तिले सांग, मी दोन बाया लावून देतो. त्या उचलून ठेवतीन."

"आई, भाऊजीले विचारा, दोन परक्या बायांपुढं ते सोता आंघोळ करतीन का?"

"आई, तिले म्हण, पुस्तकं वाचून घर बांधता येत नाही."

सासूबाई एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. शेवटी काठी आपटली.

"थांबा गा. मी काय टपालपेटी आहो? आंघोळ माही आहे, अन् मलेच कोणी विचारून नाही राहिलं."

खरंच, मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं...

"चल वं, मले अंगणात ने," त्या मला म्हणाल्या. टबाजवळ उभ्या राहून त्यांनी तो काठीने ठोकून पाहिला. मग भाऊजींकडे वळल्या. "तू चढ अगोदर. उजवा हात पाठीमागं धर. उजवा पाय मेला समज."

भाऊजी आईचा शब्द कधी खाली पडू देत नसत. टोपी सांभाळत, धोतर आवरत ते कोरड्या टबात कसेबसे उतरले आणि धपकन बसले. आता निघायचं कसं? डाव्या हाताने काठ धरून एकदा उठले, घसरले. दुसऱ्यांदा उठले, पुन्हा घसरले. बांधकामावरचा गवंडी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

"काहून गा?" सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "बोलावू का दोन बाया?"

आणि त्या हसल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा... डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग भाऊजीही टबात बसल्या बसल्या हसू लागले.

दोन्ही हात लावून ते बाहेर आले, धोतर झटकलं आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तुह्या मनानं कर." इतक्या वर्षांत ते प्रथमच माझ्याशी बोलले. टब पारशिवनीच्या शेतावर गेला, तिथे म्हशींच्या पाण्याची उत्तम सोय झाली.

न्हाणीघर मी म्हटलं तसंच झालं. ओट्याची उंची सासूबाईंनी स्वतः बसून ठरवली. पाण्याची टाकी छतावर न ठेवता आतल्या माळ्यावर सावलीत ठेवली, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात छतावरच्या पाण्याचं आधण होतं.

नव्या घरी राहायला गेलो त्या पहिल्या सकाळी सासूबाई एकट्या आत गेल्या. दाराला आतून कडी लागली. मी बाहेर जीव मुठीत धरून उभी. पाणी पडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. ओले केस, एका हाताने कसंबसं गुंडाळलेलं लुगडं आणि कपाळाला आठी.

"साबण उजवीकडं कोणं ठेवला वं? अक्कल आहे का नाही?"

इतकं गोड मला आयुष्यात कोणी रागावलं नाही. त्या तशाच देवघराकडे गेल्या, मी मागून पाहत राहिले. ऐकायला हे असते तर, एवढंच वाटलं... बाकी त्या सकाळी मला कशाचीच कमी नव्हती.